अठरा पूर्ण झाली म्हणून…

अगं मने, आईला सांगू नकोस म्हणालीस, नाही सांगत. पण तुझा तो मुद्दा, "मत द्यायला चालते, मग एक बिअर का नाही?", महाराष्ट्रात टिकत नाही बाई. इथे बिअर-वाइनला २१ वर्षं लागतात, व्हिस्की-रमला २५. वर परवाना. एका दिवसाचा पाच रुपयांत मिळतो, आणि बारमध्ये तो सहसा कुणी विचारत नाही, हे मलाही ठाऊक आहे. मूळ कायदा १९४९चा, दारूबंदीच्या काळातला. पंचविशीची अट मला स्वतःला विचित्रच वाटते. चोविसाव्या वर्षी लग्न करा, कर्ज काढून फ्लॅट घ्या, पण रम मागू नका! गोव्यात १८ चालतात. तुमची टोळी तिकडेच का निघालीय, ते कळलं मला.

मला काळजी आहे ती वेगळ्याच गोष्टीची. तुमच्यातला तो धाकटा अजून सतराचाच आहे ना? त्याच्या हातात ग्लास कोण देणार? बाल न्याय कायद्याचं कलम ७७ देणाऱ्यालाच धरतं: सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी, लाखापर्यंत दंड. हा केंद्राचा कायदा, त्यामुळे गोव्यातही सुटका नाही. "त्यानंच मागितली" हे तिथे कामाला येत नाही.

मे २०२४ मधला पुण्याच्या कल्याणीनगरचा अपघात आठवतोय? पोर्श चालवणारा मुलगा सतरा वर्षांचा, पबमध्ये पिऊन आल्याचा आरोप. दोन तरुण इंजिनिअर गेले. लोक त्याला जामिनाची अट म्हणून लिहायला सांगितलेल्या ३०० शब्दांच्या निबंधावरच बोलत राहिले. पण मुलाच्या वडिलांना आणि दारू देणाऱ्या पबवाल्यांनाही अटक झाली होती, ते फारसं कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

गोव्यात भाड्याची स्कूटर घ्याल, तर चालवणाऱ्यानं थेंबही घ्यायचा नाही. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम ही कायद्याची मर्यादा; तुझ्या अंगकाठीला ती ओलांडायला फार लागत नाही. कुणी हलवूनही उठेना, तर "झोपू दे" म्हणून खोलीत एकटं सोडू नका. कुशीवर वळवा, उलटी घशात अडकून जीव जातो. लिंबूपाणी, कॉफी काही पाजू नका. सरळ १०८ लावा. पोलीस येतील, घरी कळेल, असल्या विचारात वेळ घालवू नका.

आणि मग मला फोन कर, रात्रीचे तीन वाजले असले तरी. ओरडणार तर आहेच, पण दुसऱ्या दिवशी.