लेकीच्या बोटांना दोष देण्याआधी

लेक नववीत गेली त्या वर्षी तिने बेस गिटार हातात घेतली. शाळेच्या बँडमध्ये गिटारवाले चौघे होते आणि बेस वाजवायला कुणीच नव्हतं, म्हणून हिच्या गळ्यात पडली. पण महिनाभरात ती त्या चार जाड तारांत अशी रमली की सकाळी दप्तर भरण्याआधी दहा मिनिटं वाजवल्याशिवाय तिचा पाय घराबाहेर निघेना. वाद्य तिच्या सरांच्या ओळखीतून जुनं मिळालं. राहिला अ‍ॅम्प. तो मी आणला, सरांना न विचारता.

दुकानदार म्हणाला, "गिटार म्हणा, बेस म्हणा, सगळं चालतं ताई यावर." 10 वॉटचा, सहा इंची स्पीकरचा, 4,500 रुपयांचा गिटारचा अ‍ॅम्प. घरात सराव करायला एवढा पुरे, असं मलाही वाटलं.

पुढे जे झालं ते अजून मनाला लागतं. पैसे गेले त्याचं एवढं नाही. लेक एक दिवस सरावातून उठून स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, "आई, माझी जाड तार वाजतच नाही गं. बोटात जोरच नाही माझ्या." मी तिला धीर दिला, रियाज वाढव म्हटलं. तिने वाढवला. तार ऐकू यावी म्हणून ती जोरात ओढू लागली, डावा हात करकचून दाबू लागली. उजव्या हाताच्या दोन बोटांना फोड आले, मनगट दुखायला लागलं. क्लासमध्ये सर विचारायला लागले, "एवढी मारतेस कशाला?" शेवटी त्यांनी तिची गिटार आपल्या अ‍ॅम्पला लावली आणि म्हणाले, निम्म्या जोराने वाजव. तोच हात, तीच तार, आणि खोलीभर गोल, भरदार स्वर पसरला. लेक माझ्याकडे बघत राहिली. दोन महिने ती स्वतःच्या हाताला नावं ठेवत होती आणि दोष त्या खोक्याचा होता. तिला रियाज वाढवायला मीच सांगितलं होतं.

असं का होतं, हे मी नंतर समजून घेतलं. साध्या गिटारची सर्वांत जाड तार सेकंदाला साधारण 82 वेळा थरथरते, बेसची 41 वेळा. म्हणजे बरोबर एक सप्तक खाली. इतका खालचा स्वर ऐकवायला स्पीकरच्या कागदी पडद्याला पुष्कळ हवा ढकलावी लागते, बरंच पुढेमागे हलावं लागतं. गिटारच्या छोट्या अ‍ॅम्पचा पडदा हलका, खोकं बहुतेक वेळा मागून उघडं. तबल्याच्या जोडीतला डग्गा बाजूला ठेवून नुसत्या चाटीवर ठेका धरल्यासारखं होतं ते. बोल कळतात, घुमारा कुठेच नाही. त्यात आपला कानही खालच्या स्वरांना मुळातच कमी दाद देतो, म्हणून बेसला ताकद जास्त लागते.

गिटारवाल्यांचा अ‍ॅम्प बेसला पुरत नाही, हे फार जुनं शहाणपण आहे. लिओ फेंडरने 1951 साली प्रिसिजन बेस बाजारात आणली आणि पुढच्याच वर्षी तिच्यासाठी बासमन नावाचा वेगळा अ‍ॅम्प काढला, 15 इंची स्पीकरचा. पुढे हाच बासमन गिटारवाल्यांनीही डोक्यावर घेतला. यातून घरच्या कामाची एक गोष्ट कळते: बेसच्या अ‍ॅम्पवर गिटार खुशाल वाजवावी, त्याला काही होत नाही. एका घरात दोन भावंडं दोन वाद्यं शिकत असतील आणि पैसे एकाच अ‍ॅम्पचे असतील, तर बेसचा घ्या.

उलटं केलं तर काय होतं, ते मी पुण्यात तपकीर गल्लीत पाहिलं. ऑगस्टपासून आमच्या अ‍ॅम्पमधून प्रत्येक जाड स्वरामागे 'खर्र' असा आवाज यायला लागला होता. दुरुस्तीवाल्या काकांनी मागचे चार स्क्रू काढले, स्पीकर उताणा टेबलावर ठेवला आणि दोन्ही अंगठ्यांनी पडदा अलगद खाली दाबला. आत काहीतरी घासल्याचा बारीक आवाज आला, परातीत वाळू सरकावी तसा. "कॉइल घासतेय," ते म्हणाले. मग पडद्याची कड उजेडाकडे धरून दाखवली. नखाएवढी चीर पडली होती. "ताई, यावर बेस वाजवलाय ना? हळू आवाजात वाजवला असता तर टिकलाही असता. पण हळू आवाजात तो ऐकूच येत नाही, मग माणूस वाढवतोच." मला वाटतं, माझी चूक इतक्या थोडक्यात दुसऱ्या कुणी सांगितली नसती.

त्यानंतर मी घाई केली नाही. सरांना घेऊन चार दुकानं फिरले, लेकीची गिटार सोबत नेली. दुकानातल्या महागड्या गिटारवर अ‍ॅम्प ऐकू नका, कारण घरी ती नसते. आवाज अगदी हळू ठेवायचा, रात्री जेवणं झाल्यावर घरात वाजवू तितका, आणि सर्वांत जाड तार मोकळी वाजवायची. स्वर ओळखू आला, तर तो अ‍ॅम्प घरात चालेल. आवाज वाढवून दाखवायचा आग्रह दुकानदार करतोच. तो काही वेळ बाजूला ठेवावा.

वॉटच्या आकड्याने भुलू नये. 15 वॉट आणि 30 वॉट यांत फरक 3 डेसिबलचा, म्हणजे जाणवेल इतकाच. आवाज दुप्पट वाटायला ताकद साधारण दहापट लागते. खोक्यावर पीएमपीओ म्हणून हजारांत आकडा छापलेला असेल तर तो वाचूही नका, आरएमएस, म्हणजे सतत देता येणारी खरी ताकद, किती ते विचारा. घरच्या सरावात वॉटपेक्षा स्पीकरचा आकार आणि खोकं यांवर जास्त अवलंबून असतं. माझ्या मते आठ इंच ही खालची हद्द. दहा इंच मिळाला आणि परवडला तर सोडू नये. आठ इंचातूनही तो 41 चा मूळ स्वर पुरता निघत नाही, पण त्याच्या वरचे स्वरांश नीट ऐकू आले की कान उरलेलं आपोआप भरून काढतो. फेंडरचा रंबल 25, लेनीचा आरबी 1, ऑरेंजचा क्रश बास 25, अ‍ॅम्पेगचा रॉकेट बास 108 हे सगळे आठ इंची. रंबल 40 दहा इंची आहे, आणि त्याला थेट मोठ्या ध्वनिव्यवस्थेला जोडायची सोय आहे, म्हणजे गॅदरिंगच्या वेळी कामाला येतो.

ड्रमसोबत वाजवायचं म्हणून मोठा अ‍ॅम्प घेऊ नका. ड्रमपुढे टिकायला 100 वॉट किंवा त्याहून जास्त लागतात आणि तासावर मिळणाऱ्या सरावखोल्यांत तसा अ‍ॅम्प बहुधा असतोच.

हेडफोन जोडायची जागा मात्र हवीच हवी. 41 हर्ट्झच्या ध्वनीची लाट आठ मीटरहून लांब असते, ती भिंतीला जुमानत नाही. आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजींना गाणं ऐकू यायचं नाही, नुसता धमधमाट जाणवायचा. रात्री दहा ते सकाळी सहा हा कायद्याने शांततेचा काळ आहे आणि दहावी-बारावीची मुलं शेजारीपाजारी असतात. आम्ही अ‍ॅम्पखाली जाड रबरी चटई घातली आणि साडेनऊनंतर फक्त हेडफोन, तोही बेताच्या आवाजात. मोबाइल जोडायची जागा असेल तर गाण्यासोबत वाजवता येतं, मुलं त्यावर खरी तासन्‌तास रमतात. अगदीच हात आखडता असेल तर गिटारलाच खोचायचा छोटा हेडफोन अ‍ॅम्प घ्या, व्हॉक्सच्या अ‍ॅमप्लगसारखा. चुकीच्या अ‍ॅम्पपेक्षा तो शंभर पटींनी बरा.

आणि अर्थिंग. जुन्या इमारतीत सॉकेटला तिसरं भोक असतं, पण आत तार असतेच असं नाही. अ‍ॅम्प सतत घूं करत असेल किंवा तारांना हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर त्या क्षणी वाजवणं थांबवून इलेक्ट्रिशियनला बोलवा. घूं कमी व्हावी म्हणून तिसरी पिन काढून टाकायचा सल्ला कुणी दिला तर तो ऐकू नका. मुलाचे हात धातूच्या तारांवर असतात. अ‍ॅम्प किती व्होल्टचा तेही बघा. माझ्या मावसभावाने अमेरिकेहून कौतुकाने अ‍ॅम्प आणला होता. तिकडचा तो 120 व्होल्टचा, आपल्याकडे 230. ट्रान्सफॉर्मर मध्ये न घालता लावला आणि जळका वास सुटला.

आम्ही शेवटी आठ इंची बेस अ‍ॅम्प जुनाच घेतला, 8,000 रुपयांना. घेताना प्रत्येक बटण सावकाश फिरवून खरखर ऐकली, वायर खोचून जरा हलवून पाहिली, मग आवाज निम्म्यावर ठेवून जाड तार पाच मिनिटं वाजवत ठेवली. फोड गेले. मनगटही महिन्याभरात बरं झालं.

पहिल्या अ‍ॅम्पला काकांनी नवा स्पीकर बसवून दिला. लेकीने तो शेजारच्या इमारतीतल्या, नुकतीच गिटार शिकू लागलेल्या मुलाला दिला. देण्याआधी तिने मागच्या बाजूला कागद चिकटवला, वरून पारदर्शक टेप लावली. त्यावर लिहिलंय: "फक्त गिटारसाठी. बेस लावू नये. ऐकू आलं नाही तर बोटांची चूक नाही."