नमुना ताजा, तर तपासणी खरी

प्रश्न : माझ्या चार वर्षांच्या मुलाला दोन दिवसांपासून जुलाब होताहेत. दवाखान्यात शौचाचा नमुना दहा मिनिटांत सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि ओआरएस, झिंक दिलं, अँटिबायोटिक नाही. इतक्या झटपट तपासणीवर विसंबावं का?
– एक आई, सिंदी (मेघे)

उत्तर : ताई, झटपट म्हणजे वरवरची, असं समजू नका. हलणारा अमिबा ताज्या नमुन्यातच दिसतो. पातळ शौच अर्ध्या तासात काचेवर जायला हवं. उशीर झाला की तो निपचित पडतो आणि नजरेतून सुटतो. नमुना कोरड्या, स्वच्छ डबीत घ्यावा, त्यात लघवी मिसळू देऊ नये.

विषाणू मात्र या भिंगातून दिसत नाहीत, आणि लहान मुलांचे बरेचसे जुलाब त्यांच्यामुळेच होतात. तिथे अँटिबायोटिक निरुपयोगी. तुमच्या डॉक्टरांनी योग्य तेच केलं. झिंक रोज 20 मिलिग्रॅम, जुलाब थांबले तरी 14 दिवस पूर्ण करा. जेवण तोडू नका.

शौचात रक्त, खोल गेलेले डोळे, कमी लघवी, सुस्ती, पाणीही न टिकणं, यातलं काहीही दिसलं तर थांबू नका. सेवाग्रामचं कस्तुरबा किंवा सावंगीचं आचार्य विनोबा भावे रुग्णालय जवळच आहे. वाटेतही ओआरएस घोटघोट पाजत राहा.