मेंदूतली गुठळी काढायची, तर बिल किती?

तोंड वाकडं झालं, एक हात उचलेना, बोलणं अडखळायला लागलं, की घरात पहिला प्रश्न असतो ‘कुठे न्यायचं?’ आणि दुसरा, जरा हळू आवाजात, ‘किती लागतील?’ पहिल्याचं उत्तर चुकलं तर दुसऱ्याचा आकडा फुगतो.

मेंदूच्या मोठ्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली असेल, तर जांघेतल्या किंवा मनगटातल्या धमनीतून बारीक नळी वर नेऊन ती जाळीत पकडून किंवा शोषून बाहेर काढतात. हीच मेकॅनिकल थ्रॉम्बेक्टॉमी. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाच चाचण्यांची आकडेवारी एकत्र केली, तेव्हा तीन महिन्यांनी स्वतःचं स्वतः करू शकणाऱ्यांचं प्रमाण नेहमीच्या उपचारात २६.५ टक्के, तर गुठळी काढलेल्यांत ४६ टक्के निघालं. पैसे घालावेत का, याचं माप हेच. मात्र मेंदूत रक्तस्राव झाला असेल तर हा उपचार नाहीच, आणि अगदी बारीक वाहिनी बंद झाली असेल तर सहसा करत नाहीत.

आता खर्च. पुण्या-मुंबईच्या खासगी रुग्णालयात एकूण बिल साधारण साडेचार ते आठ लाख धरून चालावं. गुंतागुंत झाली तर त्याहून जास्त. यात सर्वांत जड असतात ती उपकरणं. जाळी, शोषनळी, आत जाणाऱ्या तारा आणि कॅथेटर मिळून दोन ते साडेतीन लाख सहज होतात, कारण ती एकाच रुग्णासाठी वापरून टाकायची असतात. पहिल्या ओढीत गुठळी आली तर ठीक; तीच जाळी पुन्हा आत घालता येते, पण दुसरं उपकरण उघडावं लागलं किंवा मानेतल्या धमनीत स्टेंट बसवावा लागला, की आकडा उडी मारतो. एस्टिमेट देताना हे बोललं जातंच असं नाही, म्हणून आपणच विचारावं. त्याखालोखाल आयसीयू, मग डॉक्टरांची आणि भूलतज्ज्ञांची फी. सीटी अँजिओग्राफी काही हजारांत होते. ती टाळून पैसे वाचवायला जाऊ नये, कारण गुठळी कुठे आहे हे तीच दाखवते.

गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं आणि त्याचे वेगळे पैसे पडतात. गुठळी काढण्याची मुदत सहा तास; स्कॅनमध्ये वाचवण्याजोगा मेंदू दिसला, तर निवडक रुग्णांत चोवीस तासांपर्यंत. पण मुदत आहे म्हणून थांबायचं नसतं, दर मिनिटाला पेशी मरतात. तेव्हा आजच, सगळे धडधाकट असताना, जवळच्या दोन-तीन रुग्णालयांना फोन करून विचारा: रात्री अडीच वाजता कॅथलॅब आणि गुठळी काढणारा डॉक्टर मिळतो का? ‘डॉक्टर ऑन कॉल आहेत’ एवढ्यावर समाधान मानू नका, किती वेळात पोचतात ते विचारा. लहान गावात असाल तर सीटी आणि इंजेक्शन तिथेच घेऊन पुढे हलवणं शहाणपणाचं. स्कॅनची सीडी बरोबर द्यायला विसरू नका, नाहीतर तोच स्कॅन दुसऱ्यांदा काढून दुसऱ्यांदा पैसे भरावे लागतात.

पैशांची सोय कुठून? महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे, पण फक्त योजनेतल्या रुग्णालयात आणि यादीतल्या उपचारांना. तिथल्या आरोग्यमित्राला हे पॅकेज त्या रुग्णालयाला लागू आहे का ते थेट विचारा. रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा; तातडीच्या रुग्णाची नोंद आधी फोनवरून होऊ शकते, कागद मागाहून. ट्रस्टच्या रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धन आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी राखीव असतात. या रुग्णांकडून डिपॉझिट मागता येत नाही. काउंटरवर कोणी हे आपणहून सांगत नाही. वैद्यकीय समाजसेवकाला गाठावं लागतं. मोठ्या सरकारी आणि पालिका रुग्णालयांत फीचा भार हलका असतो, पण उपकरण बाहेरून आणायला सांगितलं जाऊ शकतं. तेव्हाही हाच समाजसेवक ट्रस्टांच्या मदतीचे अर्ज भरून देतो.

मेडिक्लेम असेल तर कॅशलेसच्या विनंतीवर विमा कंपनीनं एका तासात निर्णय द्यावा, असा २०२४ पासून नियम आहे. त्या तासासाठी संमतीपत्रावरची सही मात्र अडवून धरू नका. पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा किती हे पाहूनच आयसीयूनंतरची खोली निवडा. महागडी खोली घेतली तर फीसुद्धा प्रमाणात कापली जाते. उपकरणाचं स्वतंत्र इन्व्हॉइस आणि पाकिटावरचं स्टिकर डिस्चार्जच्या दिवशीच मागून घ्या.

आणि हाताशी थोडे पैसे उरू द्या. फिजिओथेरपी, घरी लागणारा मदतनीस आणि औषधं यांचा खर्च महिनोन्‌महिने चालतो, आणि बहुतेक पॉलिसी घरच्या मदतनिसाचा पगार देत नाहीत.