इंजिन बांधलं, सेल्फ मारला, पण गाडी सुरू होत नाही: आता हेड खोलायचं नाही!

समजा तुमचं हिवरखेडला छोटं गॅरेज आहे. तुम्ही आणि एक पोरगा, एवढाच स्टाफ. एका भाऊंची जुनी मारुती 800 आली, कार्बोरेटरवाली. तुम्ही इंजिन उतरवलं, ब्लॉक बोअरिंगला अकोल्याला पाठवला, नवे पिस्टन, रिंगा टाकल्या, व्हॉल्व्ह घासून घेतले. आज संध्याकाळी गाडी द्यायची म्हणून शब्द दिलेला. चावी मारली. घर्र घर्र घर्र. बस.

समोर गाडीवाले भाऊ उभे. "काहून, चालू नाही होऊन राहिली का?"

इथेच बरेच जण घाबरतात आणि दोन चुका करतात. पहिली, बॅटरी बसेपर्यंत सेल्फ मारत राहतात. त्याने कच्चं पेट्रोल सिलिंडरमध्ये उतरतं, नव्या रिंगांवरचं ऑइल धुऊन काढतं. एका वेळी 10 सेकंदांच्या वर सेल्फ नको, मध्ये मिनिटभर थांबा. दुसरी चूक जास्त महाग: थेट हेड खोलतात. हेड खोललं की हेड गॅस्केट नवं, कूलंट पुन्हा, आणि अख्खा दिवस गेला. तो खर्च गिऱ्हाईक देणार नाही, तुमच्या मजुरीतून जाणार.

गाडी तुमच्याकडे आली तेव्हा धूर मारत का होईना, चालत होती ना? मग आता जे अडलंय ते बहुतेक तुमच्या हाताने जोडलेल्या गोष्टींतच आहे. म्हणून आधी जे न खोलता, फुकटात बघता येतं ते बघायचं.

आधी कान द्या. सेल्फ जड फिरतो? बॅटरी बघा, आणि इंजिन ते बॉडी जाणारी अर्थिंगची पट्टी बघा. इंजिन बसवताना ती हमखास राहून जाते. सेल्फ मारताना मीटरवर व्होल्टेज साडेनऊच्या खाली जात असेल, तर बाकी तपासणी नंतर. उलट इंजिन एकदम हलकं, सुळसुळीत फिरत असेल तर कॉम्प्रेशन नाही, त्याकडे शेवटी येऊ.

मग प्लग काढा. कोरडा आहे की ओला? कोरडा असेल तर पेट्रोल पोचलं नाही. कार्बोरेटर रिकामा असतो, पंपाला पेट्रोल ओढायला वेळ लागतो. येणारी आणि परत जाणारी पाइप उलटी लागली आहे का, तेही बघा. प्लग ओला असेल तर करंट तपासा: जास्तीचा एक प्लग वायरला लावून बॉडीला टेकवा, पोऱ्याला सेल्फ मारायला सांगा. प्लगचं भोक उघडं ठेवून, सांडलेल्या पेट्रोलजवळ हे करायचं नाही. आग लागली तर गाडी जाईल आणि गॅरेजही.

करंट आहे, पेट्रोल आहे, तरी सुरू नाही आणि कार्बोरेटरमधून फटाका वाजतो? मग टायमिंग. आता नीट वाचा, सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात.

क्रँक दोन वेळा फिरतो तेव्हा कॅम एकदा फिरतो. म्हणजे 1 नंबरचा पिस्टन दोनदा वर येतो, एकदा कॉम्प्रेशनला आणि एकदा एक्झॉस्टला. क्रँकची खूण दोन्ही वेळा जुळते! खूण जुळली म्हणून तुम्ही डिस्ट्रीब्यूटर बसवला आणि पिस्टन एक्झॉस्टला होता, तर करंट एक पूर्ण फेरी चुकीच्या वेळी पडतो. उपाय सोपा. 1 नंबरचा प्लग काढा, भोकावर बोट ठेवा, पुलीच्या नटाला पाना लावून हाताने इंजिन फिरवा. बोटाला हवेचा धक्का बसला आणि खूण जुळली, तेच खरं कॉम्प्रेशन. त्या वेळी आतला रोटर 1 नंबरच्या वायरकडे बघत असला पाहिजे. नसेल तर डिस्ट्रीब्यूटर काढून परत बसवा. चार सिलिंडरच्या गाडीत काही उस्ताद समोरासमोरच्या वायरी बदलून भागवतात. या तीन सिलिंडरच्या इंजिनात समोर वायरच नसते, तो जुगाड चालत नाही. फायरिंग ऑर्डर 1-3-2 आहे. रोटर कुठल्या दिशेने फिरतो ते बघून त्याच दिशेने वायरी मोजा.

एवढं करूनही नाही, तर कॉम्प्रेशन गेज लावा. तिन्ही सिलिंडर सारखेच कमी दाखवतात? टायमिंग पट्टा दात सोडून बसला असेल. शेजारचे दोनच कमी? गॅस्केटवर संशय घ्या. आणि टॅपेट विसरू नका. व्हॉल्व्ह घासला की तो सीटमध्ये थोडा आत बसतो, त्याची दांडी वर येते, गॅप कमी होतो. जुनाच गॅप ठेवला तर व्हॉल्व्ह पूर्ण बंदच होत नाही. याला हेड उतरवायची गरज नाही, वरचं कव्हर काढून फीलर गेजने होतं.

सेन्सरवाली गाडी असेल तर स्कॅनर लावून सेल्फ मारा. आरपीएम शून्य दाखवला तर क्रँक सेन्सरचा कनेक्टर बघा, बहुतेक लागलेलाच नसतो.

आता धंद्याचं. भाऊ समोर उभे आहेत तेव्हा "होईल, होईल" म्हणू नका. सरळ सांगा, "भाऊ, इंजिन बांधून झालं, पण अजून सुरू नाही झालं. मी एकेक तपासून राहिलो. उद्या दुपारी 12 वाजता तुम्हाले मीच फोन करतो." आणि 12 ला खरंच फोन करा, गाडी सुरू झालेली नसली तरी. संध्याकाळचा शब्द मुळात द्यायलाच नको होता. इंजिनकामाला चाचणीचा एक दिवस धरूनच तारीख सांगायची.

जॉब कार्डवर हे तपासणीचे निकाल लिहा: प्लग ओला, करंट आहे, तिन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन इतकं. उद्या भाऊ म्हणाले की बोअरिंगवाल्याने काम बिघडवलं, किंवा बोअरिंगवाला म्हणाला की तुम्ही चुकीचं बांधलं, तर तुमच्याकडे आकडा असेल.

पुढच्या इंजिनाला खोलण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. वायरींना टेप लावून 1, 2, 3 लिहा. पाच मिनिटं लागतात. कार्डाचा नमुना पुढच्या व्हिडिओत भरून दाखवतो, तोवर तुमच्या गॅरेजमध्ये कुठली गाडी अडून बसली आहे ते कमेंटमध्ये लिहा. प्लग ओला की कोरडा, तेवढं आधी बघून लिहा.