पाचवी पुजायच्या आधी सभेला गेलेली आई

मैत्रिणींनो, गटाच्या बैठकीला कुणी आलं नाही की कारणं ठरलेली असतात. लेकरू लहान आहे, कांदा काढायला आलाय, घरी पाहुणे आहेत. कारणं खोटी नसतात. म्हणूनच आज शारदाबाई पवारांची गोष्ट वाचू.

शारदाबाईंचा जन्म १२ डिसेंबर १९११ चा. सासर बारामतीजवळचं काटेवाडी. पती गोविंदराव सहकारी खरेदी-विक्री संघात काम करायचे, घरची शेती शारदाबाई बघायच्या. सात मुलगे, चार मुली. एवढा पसारा सांभाळून १९३८ साली त्या पुणे जिल्हा लोकल बोर्डावर निवडून गेल्या. लोकल बोर्ड म्हणजे जिल्हा परिषदेच्या आधीची संस्था. रस्ते, विहिरी, दवाखाने असली कामं बोर्डाकडे असत. आपला जुन्नर-आंबेगावचा भागही त्यातच. आजच्यासारख्या निम्म्या जागा तेव्हा बायकांना नव्हत्या.

डिसेंबर १९४० मध्ये त्या बाळंत झाल्या आणि लगेच पुण्यात बोर्डाची सभा लागली. तीन दिवसांचं बाळ कुशीत घेऊन त्या सभेला गेल्या. पाचवीसुद्धा पुजायची होती! ते बाळ म्हणजे शरद पवार. ही आठवण ते स्वतः सांगतात.

पुढे बैलाने मारल्यामुळे शारदाबाईंचा पाय कायमचा अधू झाला. तरी मुलामुलींच्या शिक्षणात त्यांनी खंड पडू दिला नाही. १९७५ साली त्या गेल्या. आज पवार घराणं राज्यभर माहीत आहे. नात सुप्रिया सुळे २००९ पासून बारामतीच्या खासदार आहेत. पण या घरातून निवडून जाणारी पहिली माणसं मोजली तर त्यात ही आई आहे. तेव्हा घराण्याच्या नावाला आजचं वजन नव्हतं.

यातून काय घ्यायचं? बाळंतिणीने तिसऱ्या दिवशी प्रवास करावा, असं मुळीच नाही. तिची विश्रांती हा तिचा हक्क आहे. घ्यायचं ते एवढंच, की आपली खुर्ची आपणच भरायची. २०११ पासून आपल्या राज्यात पंचायतीत महिलांना ५० टक्के जागा आहेत. तरी कितीतरी गावांत सही ताईची आणि बोलणं दादांचं! नावामुळे दार उघडतं, मग ते घराण्याचं असो की आरक्षणाचं. आत जाऊन बोलायचं मात्र आपल्यालाच.

ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची, असा नियम आहे. तिथे मांडलेला विषय ठरावाच्या वहीत लिहिला का, हे सही करण्याआधी वाचून घ्या. वाचता येत नसेल तर गटातल्या मुलीकडून वाचून घ्या, त्यात लाज नाही.

पुढच्या बैठकीत चर्चा करा:
१. गेल्या महिला सभेला आपल्या गटातून किती जणी गेल्या?
२. लहान लेकरू असलेल्या ताईसाठी बैठकीची वेळ आणि जागा बदलता येईल का?
३. पुढच्या ग्रामसभेत आपला एक विषय कोणता? तो कोण मांडणार?

तिसऱ्या प्रश्नापुढे एका ताईचं नाव लिहूनच बैठक संपवा.