‘समाधानकारक’ हवा, पण कोणासाठी?

मोबाइलवर हवा ‘समाधानकारक’ दिसली की आपण निर्धास्त होतो. त्या शब्दामागे पीएम २.५ म्हणजे अतिसूक्ष्म कणांचा एक आकडा असतो. हे कण केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी बारीक. ते फुप्फुसात खोल उतरतात, दमा वाढवतात, हृदयालाही इजा करतात.

किती कण चालतील, हे कोणी ठरवायचे? अमेरिकेत हा आकडा फक्त आरोग्य पाहून ठरवावा लागतो. खर्चाचा विचार करता येत नाही, असा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचा २००१ चा निकाल आहे. सल्ला तज्ज्ञ देतात. २०१८ मध्ये सरकारने या कणांवरचे तज्ज्ञ मंडळच बरखास्त केले. ती माणसे गप्प बसली नाहीत. २०१९ मध्ये स्वतःहून जमली, पुरावे तपासले आणि वर्षाच्या सरासरीची मर्यादा १२ वरून ८ ते १० वर आणा, असे लेखी कळवले. २०२० मध्ये सरकारने १२ च ठेवली. २०२४ मध्ये ती ९ झाली.

जागतिक आरोग्य संघटना २०२१ पासून ५ सांगते. भारताने २००९ मध्ये ठरवलेली मर्यादा ४० आहे. (सगळे आकडे घनमीटरमागे मायक्रोग्रॅम.) आपली फुप्फुसे काही आठपट मजबूत नाहीत! दिवसाच्या सरासरीत आपल्याकडे ६० पर्यंत ‘समाधानकारक’. संघटनेची शिफारस १५.

म्हणून ‘समाधानकारक’ दिवशीही वस्तीत कचरा जाळू देऊ नका. चूल पेटवताना, वंदनेला अगरबत्ती लावताना खिडकी उघडी ठेवा. दम्याच्या लेकराचा पंप डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका.