बाळाचा आहार : पेजेपासून भाकरीपर्यंत

रोपवाटिकेतील रोप एकदम उचलून शेतात लावले तर ते कोमेजते. म्हणून लागवडीपूर्वी काही दिवस त्याचे पाणी हळूहळू कमी करून रोप कणखर केले जाते. बाळाच्या आहाराचेही असेच आहे. आईच्या दुधावरून पातळ पेजेवर, पेजेवरून मऊ भातावर आणि मऊ भातावरून भाकरी-भाजीवर बाळाला टप्प्याटप्प्याने आणावे लागते. यातील पहिला टप्पा बहुतेक घरांत व्यवस्थित पार पडतो. उष्टावण होते, नाचणीची पेज सुरू होते. परंतु त्यानंतर अनेक बाळे महिनोन्‌महिने त्याच पातळ पेजेवर राहतात. "अजून दात आले नाहीत", "घशात अडकेल" या भीतीने घट्ट पदार्थ दिले जात नाहीत. परिणामी नवव्या-दहाव्या महिन्यापासून बाळाचे वजन वाढेनासे होते, आणि पुढे हेच मूल घास चावत नाही, तोंडात धरून ठेवते किंवा थुंकून टाकते. हे टाळण्यासाठी काय करावे, याची माहिती या लेखात दिली आहे.

सुरुवात केव्हा करावी?

पूर्वी चार ते सहा महिन्यांच्या दरम्यान वरचे अन्न सुरू करावे असे सांगितले जात असे. सन २००१ पासून जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस पहिले सहा महिने निव्वळ आईचे दूध आणि सहा महिने पूर्ण होताच वरचे अन्न, अशी आहे. आईचे दूध मात्र दोन वर्षांपर्यंत व त्यापुढेही चालू ठेवावे. सहा महिन्यांनंतर केवळ दुधावर बाळाची ऊर्जेची आणि विशेषतः लोहाची गरज भागत नाही. जन्मताना शरीरात साठवलेले लोह या सुमारास संपत आलेले असते.

पातळ पेज पुरेशी का नाही?

लहान बाळाच्या पोटात एका वेळी त्याच्या वजनाच्या दर किलोमागे सुमारे ३० मिलिलिटर अन्न मावते. म्हणजे आठ किलो वजनाच्या बाळाचे पोट साधारण २४० मिलिलिटरमध्ये भरते. एवढ्या जागेत पाण्यासारखी पेज भरली तर पोट भरते, बाळ झोपते, पण पोषण झालेले नसते. म्हणून अन्न घट्ट असावे. घट्टपणाची सोपी कसोटी अशी : चमचा वाकडा केला असता अन्न पटकन ओघळून जाऊ नये.

दुसरे कारण चावण्याच्या सवयीचे आहे. चावणे, जिभेने घास फिरवणे व गिळणे या शिकण्याच्या क्रिया आहेत. पेरणीला जसा वापसा साधावा लागतो, तसा या शिकण्याचाही काळ साधावा लागतो. मऊ गुठळ्या असलेले अन्न दहाव्या महिन्यापर्यंतही दिले गेले नाही, तर पुढे खाण्याच्या तक्रारी वाढण्याची शक्यता असते. दातांची वाट पाहण्याचे कारण नाही. मऊ घास बाळ हिरड्यांनी चांगला चुरडते. मात्र दाढा साधारणपणे एक वर्षानंतर येऊ लागतात, त्यामुळे कडक पदार्थांची घाईही करू नये.

वयानुसार आहाराचे टप्पे

१) सहावा महिना पूर्ण झाल्यावर : घट्ट पेज, मऊ भात-वरण घोटून, उकडलेला लाल भोपळा, रताळे किंवा बटाटा कुस्करून, पिकलेले केळे किंवा पपई मोडून द्यावी. सुरुवात दोन-तीन चमच्यांनी करावी. हळूहळू प्रमाण वाढवून आठव्या महिन्याअखेरपर्यंत ते २५० मिलिलिटरच्या अर्ध्या वाटीपर्यंत न्यावे. दिवसातून दोन ते तीन वेळा भरवावे.

२) सातवा-आठवा महिना : मिक्सर किंवा पाट्यावर वाटणे बंद करावे. पळीने किंवा काट्याने दाबून, मऊ गुठळ्या ठेवून अन्न द्यावे. आठव्या महिन्याच्या सुमारास बहुतेक बाळे हातात धरून खाऊ शकतात. या वेळी बाळ पूर्ण मूठ वळून वस्तू धरते, म्हणून तुकडा मोठ्या माणसाच्या बोटाएवढा लांब असावा. उकडलेल्या गाजराचे किंवा रताळ्याचे बोट, पिकलेल्या पपईची फोड, मऊ इडलीची पट्टी हे पदार्थ योग्य आहेत.

३) नऊ ते अकरा महिने : आता बाळाला चिमटीत वस्तू उचलता येते. मऊ भाजीचे, पनीरचे, उकडलेल्या अंड्याचे, धिरड्याचे लहान तुकडे ताटलीत ठेवावेत. भाकरी किंवा पोळी वरणात अथवा दुधात भिजवून कुस्करून द्यावी. भाकरीचा कोरडा पापुद्रा टाळूला चिकटतो, तो भिजवल्याशिवाय देऊ नये. या वयात दर वेळी अर्धी वाटी, दिवसातून तीन ते चार वेळा, आणि मध्ये एक-दोनदा खाऊ द्यावा.

४) एक ते दोन वर्षे : घरातील सर्वांसाठी शिजवलेलेच अन्न बाळाने खावे. तिखट-मीठ घालण्यापूर्वी बाळाचा वाटा बाजूला काढावा. पाऊण ते एक वाटी अन्न, तीन ते चार वेळा व मध्ये खाऊ, हे प्रमाण ठेवावे. बाळाची ताटली वेगळी असावी, म्हणजे त्याने नक्की किती खाल्ले ते समजते.

नवीन पदार्थ एका वेळी एकच द्यावा व दोन-तीन दिवस पाहावे. अंडे आणि शेंगदाणा वर्षानंतरच द्यावा, असे पूर्वी सांगत. आता तसे मानले जात नाही. पूर्ण उकडलेले अंडे आणि शेंगदाण्याचा बारीक कूट सहा महिन्यांनंतर अन्नात मिसळून देता येतो. अंगावर गांधी उठणे, ओठ सुजणे, उलट्या अशी लक्षणे दिसल्यास पदार्थ थांबवून डॉक्टरांना दाखवावे. श्वास लागल्यास क्षणाचाही विलंब न करता दवाखाना गाठावा.

घरच्या घरी करावयाचे पदार्थ

मोडाचे नाचणी-मूग पीठ : नाचणी ५०० ग्रॅम व हिरवे मूग २५० ग्रॅम स्वच्छ निवडून वेगवेगळे भिजवावेत. नाचणी १२ तास आणि मूग ८ ते १० तास भिजवून, पाणी निथळून, ओल्या फडक्यात बांधून मोड आणावेत. मोड आलेले धान्य पातळ कापडाखाली उन्हात खडखडीत वाळवावे, मंद आचेवर हलके भाजावे, हाताने चोळून मोड पाखडून टाकावेत आणि बारीक दळावे. मिरची-मसाला दळलेल्या गिरणीत हे पीठ दळू नये. घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात ठेवून महिन्याभरात संपवावे. चार पोह्याचे चमचे पीठ एक वाटी पाण्यात कालवून, सतत ढवळत सहा-सात मिनिटे शिजवावे व वरून एक चमचा तूप घालावे. धान्याला मोड आणल्याने त्यातील पिष्टाचे विघटन होते व पेज कमी चिकट होते. त्यामुळे तेवढ्याच पेजेत जास्त पीठ मावते, म्हणजेच जास्त पोषण मिळते. नाचणीत दर १०० ग्रॅमला ३४० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते, हा आणखी एक लाभ.

भोपळ्याची मऊ खिचडी : दोन भाग तांदूळ, एक भाग मूगडाळ, एक भाग लाल भोपळ्याच्या फोडी व मूठभर चिरलेला पालक किंवा शेवग्याचा पाला घेऊन भरपूर पाण्यात मऊ शिजवावे. पळीने घोटावे, परंतु पूर्ण वाटू नये. तूप घालावे व वरून लिंबाचे चार थेंब पिळावेत. लिंबातील क जीवनसत्त्वामुळे पालेभाजीतील लोह अंगी लागण्यास मदत होते.

मुगाच्या धिरड्याची बोटे : भिजवलेली मूगडाळ वाटून त्यात बारीक चिरलेला पालक घालावा. तव्यावर थोड्या तेलात जाडसर, मऊ धिरडे करावे. कड कुरकुरीत होऊ देऊ नये. निवल्यावर बोटाएवढ्या पट्ट्या कापून बाळाच्या हातात द्याव्यात.

मांसाहारी कुटुंबांत मऊ शिजवलेली कलेजी कुस्करून, तसेच काटे पूर्ण काढलेला मासा द्यावा. यातील लोह शरीरात सहज शोषले जाते. कूट करण्यापूर्वी शेंगदाणे निवडून घ्यावेत. बुरशी आलेल्या, काळपट व सुरकुतलेल्या दाण्यांत अफ्लाटॉक्सिन हे विष असू शकते व ते भाजल्याने पूर्णपणे नष्ट होत नाही.

काय देऊ नये?

१) अख्खे शेंगदाणे, फुटाणे, लाह्या, चिवडा, कच्चे गाजर, गोळ्या, तसेच बोर, जांभूळ, सीताफळ यांच्या बिया.
२) अख्खी द्राक्षे. ती उभी चिरून चार तुकडे करूनच द्यावीत.
३) एक वर्षापर्यंत मध. चाटण म्हणूनही नको. त्यातील जिवाणूंमुळे लहान बाळाला गंभीर आजार होऊ शकतो.
४) चहा व चहात बुडवलेले बिस्कीट. चहामुळे अन्नातील लोह शोषले जात नाही आणि बिस्किटाने भूक मरते.
५) साखर-गूळ व जादा मीठ, तसेच वेफर्स, कुरकुरीत तळलेल्या पाकिटातील वस्तू.
६) दुधाची बाटली. पाणी उकळून निववून वाटी-चमच्याने किंवा पेल्याने पाजावे.

ठसका आणि घास अडकणे यांतील फरक

नवा घट्ट घास घेताना बाळाला उमासा येतो, ते खोकते, चेहरा लाल होतो. हे स्वाभाविक आहे. बाळाला आवाज काढता येत असेल तर घाबरून तोंडात बोट घालू नये, त्याला खोकू द्यावे. परंतु बाळाचा आवाज बंद झाला, श्वास घेता येईना, ओठ निळे पडू लागले, तर घास श्वासनलिकेत अडकला आहे असे समजावे.

अशा वेळी एक वर्षाखालील बाळाला आपल्या हातावर पालथे, डोके छातीपेक्षा खाली राहील असे धरून व जबड्याला आधार देऊन, तळहाताच्या मनगटाजवळच्या भागाने दोन्ही खांद्यांच्या मध्ये पाच जोरकस थापा माराव्यात. तेवढ्याने घास निघाला नाही तर बाळाला उताणे करून छातीच्या मध्यभागी पाच वेळा दाबावे. घास निघेपर्यंत हे आळीपाळीने करावे. एक वर्षावरील मुलास पाठीवर पाच थापा मारून, नंतर मागून धरून बेंबीच्या वर व बरगड्यांच्या खाली मूठ ठेवून पाच वेळा आत व वर दाबावे. वस्तू डोळ्यांना दिसत असेल तरच बोटाने काढावी. त्याच वेळी दुसऱ्या कोणाला तरी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावण्यास सांगावे. ही कृती आरोग्य सेविकेकडून प्रत्यक्ष शिकून घ्यावी.

बाळाला नेहमी बसवूनच भरवावे. झोपलेल्या, रडणाऱ्या, खेळणाऱ्या किंवा बैलगाडी-ट्रॅक्टरवर बसलेल्या बाळाच्या तोंडात घास देऊ नये. खाताना कोणीतरी मोठे माणूस समोर असलेच पाहिजे. पदार्थ पुरेसा मऊ आहे का, हे पाहण्यासाठी तो अंगठा व बोट यांमध्ये दाबावा. सहज चुरडला तरच बाळाला द्यावा.

शेतीच्या हंगामात घ्यावयाची काळजी

पेरणी, खुरपणी व काढणीच्या दिवसांत बाळ आजीकडे किंवा मोठ्या भावंडाकडे राहते. सकाळी शिजवलेले अन्न दुपारपर्यंत, विशेषतः उन्हाळ्यात व पावसाळ्यात, खराब होते. शिजवल्यापासून दोन तासांच्या आत ते भरवावे. दुपारसाठी मोडाचे पीठ घरात असल्यास आजी दहा मिनिटांत ताजी पेज करू शकते. केळे, उकडण्यासाठी अंडे, रताळे हेही सोयीचे पर्याय आहेत. लहान भावंडावर घट्ट घास भरवण्याची जबाबदारी टाकू नये.

फवारणी करून आलेल्या व्यक्तीने अंघोळ करून, कपडे बदलूनच बाळाला घ्यावे. कीटकनाशकाचा रिकामा डबा कितीही धुतला तरी धान्य, पीठ वा पाणी ठेवण्यासाठी वापरू नये. भरवण्यापूर्वी स्वतःचे आणि बाळाचे हात साबणाने धुवावेत. बाळ आता हाताने खाणार असल्याने त्याचे हात धुणे अधिकच महत्त्वाचे आहे.

परसबागेत शेवगा, पालक, राजगिरा, लाल भोपळा, रताळे, पपई व केळी लावल्यास बाळाच्या ताटलीत बहुतेक सर्व काही घरचेच येते.

भरवताना हे लक्षात ठेवा

बाळ सांडते, माखते, घास फेकते. ही शिकण्याचीच पद्धत आहे. नवीन चव पहिल्यांदा नाकारली म्हणून सोडून देऊ नये, काही दिवसांनी पुन्हा द्यावी. नाक दाबून, दटावून किंवा मोबाईल दाखवून भरवू नये. बाळाने तोंड फिरवले की थांबावे. आजारपणातही आहार व आईचे दूध चालू ठेवावे आणि बरे झाल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण जास्त द्यावे. हे काम एकट्या आईचे नाही. संध्याकाळचे एक जेवण वडिलांनी भरवले तर आईला उसंत मिळते आणि बाळाचे खाणे वडिलांच्याही लक्षात राहते.

दरमहा अंगणवाडीत बाळाचे वजन करून माता व बाल संरक्षण कार्डावरील वाढीची रेषा पाहावी. रेषा आडवी झाली किंवा खाली वळली तर वाट न पाहता सेविकेशी व डॉक्टरांशी बोलावे. सहा महिन्यांनंतर दिले जाणारे लोहाचे औषध सांगितल्याप्रमाणे पाजावे.

थोडक्यात, सहाव्या महिन्यानंतर घट्ट पेज, आठव्यात हातात मऊ तुकडा, दहाव्याच्या आत गुठळ्यांचे अन्न आणि वर्षाला घरचे ताट, हा क्रम पाळावा. यासाठी विकतच्या डब्याची गरज नाही. आपल्या शेतात पिकणारे धान्य, कडधान्य, भाजी आणि घरातल्या माणसाचा अर्धा तास वेळ एवढे त्यासाठी पुरेसे आहे.